आकडेराव, तपासणी झाली. पुढे बाईचं काय झालं?

रा. रा. आकडेराव यांसी,
मुक्काम पोस्ट मासिक अहवाल, आरोग्य खाते.

सा. न. वि. वि.

दर महिन्याच्या अखेरीस आपली स्वारी उपकेंद्रातून निघते. प्राथमिक आरोग्य केंद्रात आपल्याला भावंडं भेटतात, तालुक्याला आपण बाळसं धरता, जिल्ह्याला पोचेपर्यंत गुटगुटीत होता आणि राजधानीतल्या सादरीकरणात हिरव्या रंगाचा खांब होऊन पडद्यावर उभे राहता. एवढ्या प्रवासात आपल्याला कधी अंगावरून गेलं नाही, छातीत गाठ आली नाही, तोंड उघडेनासं झालं नाही. प्रकृती ठणठणीत! ज्या बायाबापड्यांच्या जिवावर आपण वाढता, त्यांच्या प्रकृतीबद्दल चार शब्द बोलायचे आहेत. पत्र उघडं अशासाठी, की बंद पाकिटाला आपल्या कचेरीत आवक क्रमांक मिळतो आणि तोच त्याचा शेवट असतो.

आधी आपल्या पराक्रमाची नोंद घेऊ. असंसर्गजन्य आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम देशात 2010 पासून आहे. कॅन्सरच्या सरसकट तपासणीची मार्गदर्शक तत्त्वं 2016 मध्ये आली. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचं तोंड, आणि प्रत्येक बाईचे स्तन व गर्भाशयाचं मुख पाच वर्षांतून एकदा तपासायचं, तेही घराजवळच्या आरोग्य केंद्रात. योजना उत्तम होती. मग 2019 ते 2021 या काळात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी झाली आणि त्या मंडळींनी आगाऊपणा करून थेट बायकांनाच विचारलं, तुमची अशी तपासणी कधी झाली आहे का? 30 ते 49 वयाच्या 1.9 टक्के बायका गर्भाशयमुखाच्या तपासणीबाबत ‘हो’ म्हणाल्या. स्तनांच्या आणि तोंडाच्या तपासणीला ‘हो’ म्हणणाऱ्या प्रत्येकी 0.9 टक्के. पुरुषांच्या तोंडाची तपासणी 1.2 टक्के.

आपल्या घराण्याला एवढा कमीपणा सहन होणार थोडाच! जुलै 2025 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने आपलं नवं रूप जाहीर केलं: पात्र बायका 25.42 कोटी, त्यांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी झालेल्या 10.18 कोटी. म्हणजे चाळीस टक्के. शंभरात दोघींवरून शंभरात चाळीस, तेही चारेक वर्षांत, आणि मध्ये कोरोना येऊन गेला. आमच्या गावच्या रस्त्याला हा वेग मिळाला असता तर आम्ही आपली पालखीतून मिरवणूक काढली असती.

अन्याय नको म्हणून सांगतो. हे दोन आकडे वेगवेगळ्या काळातले आहेत, वयोगट वेगळे आहेत आणि मोजण्याची रीतही वेगळी. एका ठिकाणी बाईने सांगितलेलं आहे, दुसऱ्या ठिकाणी पोर्टलवर भरलेलं. मधल्या काळात काम वाढलंच नाही, असं कोणी म्हणणार नाही. गावोगावच्या आशाताई आणि सिस्टर उन्हातान्हात फिरतात, त्यांच्या पायांना मी नाव ठेवणार नाही. माझी तक्रार आपल्याशी आहे. आपण खरे की फुगवलेले, हा प्रश्नसुद्धा मी बाजूला ठेवतो. आपण शंभर टक्के खरे आहात असंच धरून चालू. मग सांगा, या 10.18 कोटींतल्या किती जणींच्या तपासणीत शंका आली? त्यांतल्या कितींची बायोप्सी झाली? कितींवर उपचार झाले आणि ते कोणत्या टप्प्यावर? मथळे आपल्या एकट्याचे झाले. ही तीन भावंडं कोणत्या मथळ्यात होती?

आता जरा उपकेंद्रात चला. पडद्यावर उभं राहून आपले पाय दुखले असतील.

आपल्या कार्यक्रमात गर्भाशयमुखाची जी तपासणी होते तिला व्हीआयए म्हणतात. कापसाच्या बोळ्याने तिथे पातळ केलेलं ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधला तोच आंबट पदार्थ, लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि नीट बघायचं. बिघडलेल्या पेशींचा भाग पांढरा पडतो. स्वस्त आहे, निकाल जागेवर मिळतो, प्रयोगशाळा लागत नाही. लागतं काय? एक टेबल, चांगला उजेड, निर्जंतुक केलेलं स्पेक्युलम, ताजं द्रावण, पडदा, आणि पांढरं म्हणजे नेमकं कोणतं पांढरं हे ओळखणारी शिकलेली नजर. शिवाय ते एक मिनिट. घड्याळाचं, पूर्ण.

शिबिराचा दिवस डोळ्यांसमोर आणा. बाहेर सतरंजीवर ऐंशी-नव्वद बायका, आत एक सिस्टर. तिच्या मागे लसीकरण, गरोदर मातांची नोंद, क्षयरोगाचे थुंकीनमुने आणि दुपारी तीनची व्हिडिओ कॉन्फरन्स, म्हणजे व्हीसी. टेबलाचा पत्रा गंजलेला, पडद्याच्या जागी ओढणी, उजेडासाठी मोबाईलची टॉर्च. बीपी झालं, शुगर झाली. तोंडाच्या तपासणीला ‘आ करा’ म्हणून झालं. मग ‘पांढरं जातं का? मधेच रक्त जातं का?’ असं विचारून झालं. बाई पदर सावरत ‘नाही’ म्हणाली, कारण खिडकीबाहेर तिची जाऊ उभी होती. रजिस्टरात तीन रकाने, तीन टिका. संध्याकाळी आपला जन्म झाला: उद्दिष्ट 100, साध्य 100, संशयित निरंक, शेरा नाही.

त्या ‘निरंक’वर वरच्या साहेबांनी खरं तर दचकायला हवं. धाराशिव जिल्ह्यात झालेल्या, पुढे ज्याची ओळख करून देणार आहे त्या मोठ्या अभ्यासात व्हीआयए केलेल्या बायकांपैकी जवळपास 14 टक्क्यांमध्ये काही ना काही पांढरं दिसलं होतं. त्या सगळ्यांना कॅन्सर नव्हता, पण पुढे तपासायला हवं असं काहीतरी होतं. जागा बदलली, हात बदलले की हे प्रमाण बदलतं. पण महिनोन्महिने शंभरात शून्य येत असेल, तर एक तर त्या गावच्या बायकांवर देवाची विशेष कृपा आहे, किंवा कोणी पाहिलेलंच नाही. आपल्या व्हीसीत मात्र साध्य कमी असलेल्याला नोटीस मिळते आणि संशयित शून्य असलेल्याला शाबासकी. निरंक सगळ्यांना सोयीचा असतो. संशयित सापडली की काम वाढतं: तिला शोधा, समजवा, पाठवा, कुठे पाठवायचं ते आधी शोधा, आणि ती गेली नाही तर खुलासा लिहा. शून्य कोणाकडे खुलासा मागत नाही.

समजा, एखाद्या प्रामाणिक सिस्टरने नीट पाहिलं आणि एका बाईत पांढरं दिसलं. वय बेचाळीस, दिवसाची मजुरी हेच उत्पन्न. हातात चिठ्ठी: ‘पुढील तपासणीसाठी ग्रामीण रुग्णालय’. तिथे स्त्रीरोगतज्ज्ञ येतात ते ठरलेल्या वारी, आणि नेमक्या त्या वारी रजेवर. मग सिव्हिल. केसपेपरची रांग, मग गर्भाशयमुख मोठं करून दाखवणारं यंत्र बंद: ‘कोल्पोस्कोपचा बल्ब गेलाय, पुढच्या आठवड्यात या’. मग बायोप्सी, मग रिपोर्टची वाट. प्रत्येक खेपेला एक दिवसाची मजुरी बुडते, एसटीचं भाडं जातं, सोबत कोणी तरी लागतं आणि घरी काहीतरी कारण सांगावं लागतं. तिसऱ्या खेपेनंतर ती म्हणते, दुखत तर काही नाही, सुगी झाली की बघू. आकडेराव, आपल्या वहीत ही बाई ‘तपासणी पूर्ण’ आहे. पुढे पाच-सहा वर्षांनी ती रक्तस्रावाने बेजार होऊन मोठ्या शहरातल्या कॅन्सर रुग्णालयाच्या फुटपाथवर झोपेल, तेव्हाही ती आपल्यात सामील असेलच.

आणि चीड याची, की गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसारखा सवलत देणारा कॅन्सर दुसरा क्वचितच असेल. एचपीव्ही विषाणूचा संसर्ग टिकून राहण्यापासून कॅन्सर होईपर्यंत साधारण पंधरा ते वीस वर्षं जातात. मधल्या अवस्थेत पेशी बिघडलेल्या असतात पण कॅन्सर नसतो. तेव्हा तो भाग काही मिनिटांत, भूल न देता, गरम टोकाच्या यंत्राने जाळून टाकता येतो. यंत्र आणि शिकलेला हात जवळ असेल तर तपासणी आणि उपचार एकाच भेटीत होतात. एवढी मुदत मिळूनही 2022 च्या जागतिक अंदाजानुसार भारतात या एका कॅन्सरच्या सुमारे 1 लाख 27 हजार नव्या रुग्णांची भर पडली आणि सुमारे 80 हजार बायका दगावल्या. तासाला नऊ.

आपण म्हणाल, ग्रामीण भारतात हे जमणं अवघड आहे. मग आपल्याच एका थोरल्या चुलत्याची ओळख करून देतो. मुक्काम बार्शी, जिल्हा सोलापूर. तिथल्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने 1987 मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदवही सुरू झाली. तिथेही आकडेच होते, पण ते नोकरीला होते, मालकीला नव्हते. माणसं गावोगाव जाऊन बायकांशी बोलत, लक्षणं सांगत, कुणाला कॅन्सर झाला, कोणत्या टप्प्यावर कळला, पुढे ती जगली की गेली हे लिहून ठेवत. नुसत्या या बोलण्याने आणि पाठपुराव्याने लवकर टप्प्यावर येणाऱ्या बायकांचं प्रमाण वाढलेलं दिसलं.

त्याच बार्शीच्या रुग्णालयाने मुंबईचं टाटा स्मारक रुग्णालय आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांच्यासोबत 1999 पासून उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायकांचा अभ्यास केला. त्यांचे चार गट होते: एकाची एचपीव्ही चाचणी, एकाची पॅप, म्हणजे पेशी काढून बघण्याची तपासणी, एकाची व्हीआयए, आणि एक तुलनेसाठी, नेहमीच्या व्यवस्थेवर सोडलेला. आठ वर्षांनी हिशेब केला. आयुष्यात फक्त एकदा एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने 34 बायका गेल्या, तुलनेच्या गटात 64. मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. हा निष्कर्ष 2009 मध्ये जगातल्या अव्वल वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि पुढे एचपीव्ही चाचणीकडे वळलेल्या जगाच्या धोरणामागचा एक भक्कम पुरावा ठरला. 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही एचपीव्ही चाचणीलाच पहिली पसंती दिली. पुरावा धाराशिवच्या बायकांनी दिला, तुलनेच्या गटातल्या चौसष्ट जणींनी तो जीव देऊन दिला. आणि त्यांच्या लेकीसुना अजून मोबाईलच्या टॉर्चखाली ‘निरंक’ होताहेत. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते असं.

व्हीआयए टाकाऊ आहे असं मात्र समजू नका. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा स्मारकाने दीड लाख बायकांचा अभ्यास केला. दहावीपर्यंत शिकलेल्या आरोग्यसेविकांना चार आठवडे प्रशिक्षण दिलं, दर दोन वर्षांनी व्हीआयए केली, आणि मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. त्या सेविकांकडे आपल्या सिस्टरपेक्षा जास्त शिक्षण नव्हतं. त्यांना पुरेसा वेळ होता, काम पुन्हा तपासलं जात होतं, आणि शंका आलेल्या बाईला पुढे कुठे न्यायचं हे ठरलेलं होतं. तेच व्हिनेगर त्यांच्या हातात औषध झालं, आपल्या रकान्यात टिक झालं. शिवाय पाळी गेल्यावर तो तपासायचा भाग आत सरकतो आणि व्हीआयएत नीट दिसत नाही, हे कोणतीही जाणकार सिस्टर सांगेल. आपण मात्र पासष्टीपर्यंतच्या बायकांना त्याच व्हिनेगरवर बिनदिक्कत ‘पूर्ण’ करता.

परदेशी दाखला हवा असेल तर तोही घ्या, आपल्याला परदेशी आवडतं. ब्रिटनच्या एनएचएसमध्ये 1960 च्या दशकापासून पॅप तपासण्या धडाक्यात होत होत्या. तरी मृत्यू अपेक्षेइतके घटेनात, कारण त्याच त्या बायका पुन्हा पुन्हा यायच्या आणि ज्यांना गरज होती त्या यायच्याच नाहीत. ज्यांच्यात दोष सापडे, त्यांचाही पाठपुरावा धड होत नसे. 1988 मध्ये त्यांनी संगणकावर प्रत्येक बाईची यादी केली, नावानिशी बोलावणं धाडलं, न येणारीला स्मरणपत्र पाठवलं, दोष निघालेलीला उपचारापर्यंत पोचवणं कुणाचं काम आहे हे ठरवलं. तेव्हा कुठे मृत्यू झपाट्याने उतरले. तपासण्यांची संख्या पुरेशी नसते हे त्यांना वीस वर्षांनी कळलं. आपल्याला ते फुकटात शिकता आलं असतं.

ही साखळी तुटलेली असली की रिकाम्या जागेत कोण शिरतं, हे बीडला विचारा. ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा गाजावाजा झाला तेव्हा 2019 मध्ये चौकशी समिती नेमली गेली. पाहणी केलेल्या 82 हजारांहून अधिक बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली, त्यांतल्या कित्येक चाळिशीच्या आतल्या. ‘पांढरं जातंय? पुढे कॅन्सर होईल, आत्ताच काढून टाका,’ असं खासगी दवाखान्यात ऐकल्याचं अनेकींनी सांगितलं. गावात नीट तपासणी आणि भरवशाचा सल्ला असता तर या धमकीला उत्तर देता आलं असतं. उपकेंद्रात जिला कोणी पाहिलं नाही, तिला शहरातल्या टेबलावर मात्र लगेच जागा मिळाली. आजार लवकर ओळखण्याची व्यवस्था नसली तरी भीती लवकर ओळखणारी मंडळी आहेत, आकडेराव, आणि त्यांचा रोकडा हिशेब आपल्यापेक्षा चोख असतो.

पुरुषांनी खुशीत येऊ नये. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे आणि पुड्या कुठे मिळतात हे शाळकरी पोरगंही सांगेल. तंबाखू किंवा दारूचं व्यसन असलेल्यांचं तोंड नियमित आणि नीट पाहिलं तर त्यांच्यातले तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात, हे केरळातल्या तिरुवनंतपुरमच्या अभ्यासाने 2005 मध्येच दाखवलं. नीट पाहणं म्हणजे गालाच्या आतून, जिभेखालून, बोटाने चाचपून. दारातूनच ‘आ करा’ म्हणणं हे त्यात बसत नाही.

आता लाज वाटावी असं काही सांगतो. एचपीव्हीची देशी लस पुण्यात तयार होते. एचपीव्ही चाचणीचे देशी संच पुण्यात आणि गोव्यात तयार झाले आहेत. ही चाचणी अशी आहे की बाई आडोशाला जाऊन स्वतःच नमुना घेऊ शकते. टेबल नको, टॉर्च नको, जावेची नजर नको. पुरावा धाराशिवचा, लस पुण्याची, संच पुण्या-गोव्याचे, आणि उपचाराला महात्मा फुले जनआरोग्य योजना. सगळं घरात आहे. मधला रस्ता तेवढा नाही, कारण रस्त्यासाठी आपल्या तक्त्यात रकाना नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2030 साठी तीन उद्दिष्टं ठेवली आहेत: पंधरा वर्षांच्या आत 90 टक्के मुलींना लस, पस्तिशी आणि पंचेचाळिशीपर्यंत 70 टक्के बायकांची चांगल्या दर्जाची चाचणी, आणि आजार सापडलेल्या 90 टक्के बायकांवर उपचार. यातलं मधलं उद्दिष्ट आपण उचललंत, त्यातले ‘चांगल्या दर्जाची’ हे शब्द गाळलेत आणि तिसरं तर वाचलंच नाहीत.

म्हणून मागणी साधी आहे. आपण एकटे फिरणं बंद करा. प्रत्येक जिल्ह्याने दर तिमाहीला चार आकडे एकत्र जाहीर करावेत: किती जणींची प्रत्यक्ष तपासणी झाली, कितींमध्ये शंका आली, त्यांतल्या कितींचं निदान महिन्याभरात पक्कं झालं, आणि कितींचे उपचार पूर्ण झाले व कोणत्या टप्प्यावर. पहिला आकडा मोठा आणि चौथा रिकामा असेल तर सिस्टरला नव्हे, तिच्या वरच्यांना नोटीस जावी. जिथे संशयित सलग निरंक, तिथे शाबासकीऐवजी कोणी तरी जाऊन टेबल, उजेड आणि द्रावण आहे का ते बघावं. आणि शंका आलेल्या बाईच्या प्रत्येक खेपेचं भाडं व बुडालेली मजुरी हा तपासणीचाच खर्च धरावा.

कळावे, लोभ आटोक्यात असावा.

आपल्यात न मोजलेला,
एक नागरिक

ता. क. हे वाचकांसाठी. घरातल्या तिशीपुढच्या बाईला तपासणीला नक्की पाठवा, शक्य तर सोबत जा. पाळीच्या मधेच, संबंधांनंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसलं, स्तनात गाठ लागली, तोंडातला चट्टा दोन आठवड्यांत बरा झाला नाही, तर शिबिराची वाट न बघता डॉक्टर गाठा. शिबिरात गेलात तर तीन प्रश्न विचारा: कोणती तपासणी केली, निकाल काय, आणि दोष निघाला तर कुठे, कधी आणि कोणाकडे जायचं? तिन्हींची उत्तरं मिळाली तरच तपासणी झाली असं समजा. नाहीतर त्या दिवशी बीपी आणि शुगर मोजून घेतली, एवढंच झालं.